भट्टीपाशी आलेला पाहुणा

कारखान्याच्या धुराड्यातून काळा धूर निघत असला म्हणजे धंदा बरा चालला आहे, असे समजण्याची एके काळी रीत होती. मुंबईच्या गिरणगावात धूर दिसला की गिरणी चालू, आणि गिरणी चालू म्हणजे चाळीतली चूल चालू, असा सरळ हिशेब होता. संप लांबला की आकाश स्वच्छ होई, आणि त्या स्वच्छ आकाशाकडे पाहून बायकामाणसांच्या पोटात गोळा येई. हा हिशेब खोटा नव्हता. पण तो अपुरा होता.

कंदिलाची काच काळी धरू लागली की घरातली म्हातारी ओरडे, 'वात खाली घे, रॉकेल फुकट चाललंय!' तिला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. पण काजळी म्हणजे न जळलेले तेल, एवढे पक्के ठाऊक होते. गिरणीच्या धुराड्यालाही हाच न्याय लागू आहे. भट्टीत हवा कमी पडली तर कोळसा अर्धवट जळतो आणि धूर होऊन निघून जातो. उलट हवा गरजेपेक्षा जास्त शिरली तर धूर दिसत नाही खरा, पण ती जादा हवा भट्टीत तापते आणि घेतलेली उष्णता बरोबर घेऊन धुराड्याबाहेर पडते. पहिले नुकसान निदान डोळ्यांना दिसते. दुसरे दिसतही नाही.

आता प्रश्न असा की, पै-पैचा हिशेब ठेवणारा, मजुराने पाच मिनिटे उशीर केला तर पगार कापणारा मालक हे नुकसान पिढ्यानपिढ्या सोसत कसा राहिला? याचे उत्तर त्याच्या खतावणीत आहे. कोळशाचे बिल खतावणीत येते. त्यातल्या किती कोळशाने काम केले आणि किती आकाशात गेला, याचा रकाना तिथे नसतो. तो रकाना भरायचा तर कोणीतरी भट्टीपाशी उभे राहून मोजले पाहिजे. मोजणारा शिकलेला हवा, त्याचा मालकाशी स्वार्थ गुंतलेला नको आणि त्याच्या पगाराची सोय कोणीतरी केलेली हवी. ही सोय सरकारने करावी, हा विचार आज साधा वाटतो. तो सुचायला, रुजायला आणि पुन्हापुन्हा विसरायला दीडशे-दोनशे वर्षे लागली आहेत. त्या दोन शतकांची ही कथा आहे.

*

कथेचा आरंभ इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉल परगण्यात होतो. तिथे तांब्याच्या आणि कथलाच्या खोल खाणी होत्या, खाणींत पाणी भरत असे आणि ते उपसायला वाफेची यंत्रे लागत. पण त्या परगण्यात कोळसा नव्हता. तो वेल्समधून समुद्रमार्गे येई आणि महाग पडे. अशा ठिकाणी जेम्स वॉट आणि त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन यांनी १७७५ नंतर आपली नवी यंत्रे आणली. न्यूकोमेनच्या जुन्या यंत्राला जेवढा कोळसा लागे, त्याच्या सुमारे तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात वॉटचे यंत्र तेवढेच पाणी उपशी. त्यांनी खाणवाल्यांशी केलेला करार मोठा चतुर होता. जुन्या यंत्राच्या मानाने जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा त्यांना द्यायचा. यंत्राने किती हेलपाटे मारले हे मोजायला त्यांनी कुलूपबंद मोजणीयंत्र बसवले. वाचवलेल्या इंधनावर भागीदारी करण्याचा हा फार जुना आणि फार गाजलेला व्यवहार म्हटला पाहिजे.

खाणवाले पुढे कुरकुरले. जो कोळसा आपण जाळलाच नाही त्याचे पैसे का द्यायचे, हा त्यांचा सवाल होता, आणि तो माणसाच्या स्वभावाला धरूनच होता. खर्च केलेला रुपया माणसाच्या लक्षात राहतो. वाचलेला रुपया त्याच्या विस्मृतीत जातो. सरकारी सल्लागारांना पुढे दोन शतके हाच सवाल नाना तोंडांनी ऐकावा लागला.

१८०० साली वॉटच्या पेटंटची मुदत संपली, त्यांची माणसे परगणा सोडून गेली आणि यंत्रांची हयगय सुरू झाली. तेव्हा जोएल लीन नावाच्या एका खाणप्रमुखाने १८११ साली एक साधे काम आरंभले. निरनिराळ्या खाणींवरील यंत्रे एका पोते कोळशात किती पाणी किती उंच चढवतात, याचा दरमहा मोजून छापील तक्ता तो काढू लागला. तक्त्यात यंत्राचे नाव आणि त्याची देखभाल करणाऱ्याचेही नाव असे. आपले यंत्र शेवटून दुसरे आहे, हे सगळ्या परगण्याने वाचावे, हे कोणत्या अभियंत्याला रुचेल? आपली युक्ती लपवून ठेवण्यापेक्षा ती मिरवण्याची चढाओढ लागली. तीस-पस्तीस वर्षांत तिथल्या यंत्रांचे सरासरी काम सुमारे तिप्पट झाले. या सुधारणेत काही नव्या शोधांचा वाटा होता, हे खरे. पण वाफेच्या नळ्यांना वेष्टण घालणे, विस्तव पातळ आणि सारखा ठेवणे, झडपा नीट बसवणे, अशा बारीक गोष्टींचा वाटाही लहान नव्हता.

यात सरकार कुठेच नव्हते, असे कोणी म्हणेल. नव्हते, हे खरेच. पण हे साधले ते कोळसा महाग असलेल्या एका कोपऱ्यात. जिथे खाणीच्या तोंडाशीच कारखाना होता, तिथे मोजण्याची फिकीर फारशी कोणाला नव्हती. मोजण्याची भूक महागाईने लागते आणि स्वस्ताईने मरते. हे या कथेचे पालुपद आहे.

याच सुमारास दुसरीही एक शंका जन्माला आली, तिचा उल्लेख इथेच करून ठेवतो. १८६५ साली विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने इंग्लंडच्या कोळशाच्या भवितव्यावर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने म्हटले की, यंत्र काटकसरीचे झाले म्हणजे कोळशाचा खप कमी होतो, ही समजूत चुकीची आहे; काटकसरीमुळे वाफ स्वस्त होते, वाफ स्वस्त झाली की यंत्रे वाढतात आणि एकूण खप उलट फुगतो. वॉटच्या यंत्राने नेमके हेच केले होते. सल्ल्याने सगळे भले होईल असे समजणाऱ्यांनी जेव्हन्सला विसरता कामा नये. त्याच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

*

सरकार या क्षेत्रात प्रथम आले ते सल्लागाराच्या वेषात नव्हे, तपासनिसाच्या वेषात. आपल्या देशातही तसेच झाले. कलकत्त्याच्या धुराला आवर घालण्यासाठी बंगालमध्ये १९०५ साली धूर-उपद्रवाचा कायदा झाला आणि मुंबईत तसाच कायदा १९१२ साली आला. धुराड्यातून किती वेळ किती दाट धूर निघाला हे पाहायचे आणि मर्यादा ओलांडली तर मालकाला जाब विचारायचा, असा या कायद्यांचा रोख होता.

जुन्या मराठी शाळांत दिपोटीसाहेब येत, त्याची आठवण इथे झाल्यावाचून राहात नाही. दिपोटी यायच्या आदल्या दिवशी भिंती सारवल्या जात, हजेरीपट नीट होत, हुशार पोरे पहिल्या ओळीत बसवली जात. दिपोटी गेले की शाळा होती तशी. धुराच्या तपासनिसाचेही असेच होते. त्याला फक्त धुराचा रंग दिसे. आणि धुराचा रंग उजळ करण्याची सोपी युक्ती कोणती? भट्टीचे दार उघडून भरमसाट हवा आत सोडणे. धूर नाहीसा झाला, कायदा समाधान पावला. कोळसा मात्र पूर्वीसारखाच, कदाचित अधिकच, वाया जाऊ लागला! दंडाने माणूस दिसणारे नुकसान झाकायला शिकतो. न दिसणारे शोधायला शिकत नाही. हा धडा कारखान्याला लागू आहे तसाच शाळेलाही आहे.

मुंबईपुरता हा प्रश्न वेगळ्याच वाटेने हलका झाला. मुंबईजवळ कोळशाच्या खाणी नाहीत. कोळसा दुरून आणावा लागे. १९१५ साली सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेले पाणी खोपोलीच्या वीजघरात उतरू लागले आणि टाटांची वीज गिरण्यांना मिळू लागली. ज्या गिरण्यांनी ती वीज घेतली, त्यांना यंत्रे फिरवण्यासाठी वाफ करायचे कारण उरले नाही. पण सूत आणि कापड यांच्यावरच्या प्रक्रियांना, रंगाला, खळीला वाफ लागतच राहिली, आणि तिच्या बॉयलरपाशी उभा असलेला आगवाला पूर्वी जसा फावड्याने कोळसा मारीत होता, तसाच मारीत राहिला. त्याला कोणी काही शिकवले नाही.

*

त्या आगवाल्याकडे कोणाचे लक्ष जायला एक महायुद्ध व्हावे लागले.

१९४० नंतर ब्रिटनमध्ये कोळशाची टंचाई भासू लागली. खाणींत कोळसा होता, पण तो काढणारे तरुण फौजेत आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत गेले होते. टंचाई इतकी वाढली की १९४३ च्या डिसेंबरात चिठ्ठ्या टाकून काही तरुणांना सैन्याऐवजी खाणीत धाडायला सुरुवात झाली. त्याआधी, १९४२ साली, इंधन आणि वीज यांचे स्वतंत्र खाते निघाले होते. एक टन कोळसा खणून काढायला माणूस नाही. मग वापरात असलेल्या कोळशातलाच एक टन वाचवता आला तर? वाचलेला टन आणि खणलेला टन यांत युद्धाच्या दृष्टीने काय फरक आहे? या साध्या विचारातून इंधन-काटकसरीची समिती काम करू लागली, आणि सरकारी माणूस प्रथमच दंडाची पावती न घेता भट्टीपाशी आला.

तो काय करी, हे पाहण्यासारखे आहे. मोठमोठी यंत्रे बसवा असे तो सांगत नसे. युद्धात यंत्रे मिळणार कोठून? धुराड्यातील वायूत कर्बाम्ल वायू शेकडा किती आहे हे तो मोजी. ते प्रमाण बारा-तेराच्या आसपास असले तर भट्टी ठीक. सहा-सातवर आले तर हवा फार शिरते आहे. मग तो बॉयलरच्या विटांच्या भेगा शोधी. वाफेच्या उघड्या नळ्यांना वेष्टण आहे की नाही ते बघे. काम करून थंडावलेल्या वाफेचे गरम पाणी कुठे जाते, हे विचारी. पुष्कळ ठिकाणी ते गटारात जात असे! बॉयलरमध्ये शिरणारे पाणी सहा अंश सेंटिग्रेडने अधिक गरम असले तर सुमारे एक टक्का इंधन वाचते, हा ठोकळेबाज पण भरवशाचा नियम आहे. म्हणजे ऐंशी-नव्वद अंशांचे पाणी गटारात सोडणारा कारखाना दर दहा टनांमागे एखादा टन कोळसा त्या पाण्याबरोबर ओतून देत होता.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तो आगवाल्याशी बोले. आगवाल्यांसाठी व्याख्याने झाली, वर्ग निघाले, सोप्या भाषेतली पत्रके निघाली. उपकरणे गाड्यांत घालून ती कारखान्याच्या दाराशी नेण्यात आली. १९४४ साली सरकारी छापखान्याने इंधनाच्या काटकसरीवर एक जाडजूड ग्रंथ काढला. १९४७ साली त्याच खात्यासाठी ऑलिव्हर लाइल यांनी वाफेच्या काटकसरीवर पुस्तक लिहिले. हे लाइल म्हणजे लंडनच्या साखर शुद्ध करण्याच्या प्रसिद्ध कारखान्याचे एक धनी. साखरेच्या कारखान्यात वाफ म्हणजे प्राण. ती कुठे गळते हे त्यांनी स्वतःच्या कारखान्यात वर्षानुवर्षे पाहिलेले. सरकारी प्रकाशन असूनही ते पुस्तक खुसखुशीत होते, आणि पुढे कित्येक वर्षे अभियंते ते उशाशी ठेवीत. स्वतः भट्टीचा चटका खाल्लेल्या माणसाने लिहिले म्हणजे सरकारी पुस्तकही वाचले जाते!

युद्ध संपले आणि त्या सल्ल्याची खरी कसोटी लागली. १ जानेवारी १९४७ रोजी ब्रिटनच्या कोळशाच्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या आणि त्याच हिवाळ्यात बर्फाने कहर केला. कोळशाच्या गाड्या रुळांवर गोठून अडकल्या. फेब्रुवारीत देशाच्या मोठ्या भागात कारखान्यांची वीज तोडावी लागली आणि सुमारे वीस लाख लोक काही आठवड्यांसाठी बेकार झाले. कोळसा वाचवणे हा सभ्य गृहस्थाचा छंद नसून लोकांच्या रोजीचा प्रश्न आहे, हे त्या हिवाळ्याने शिकवले.

पुढे १९५४ साली हे सल्ल्याचे काम सरकारी खात्यातून काढून एका स्वतंत्र, नफा न घेणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे देण्यात आले. तिला पाठबळ होते राष्ट्राच्या मालकीच्या कोळसा, वीज आणि गॅस या तीन धंद्यांचे. म्हणजे गवळ्याने स्वतःच्या पैशाने माणूस नेमून घरोघर सांगावे की, दूध जपून वापरा! टंचाई आहे तोवर गवळ्यालाही हे परवडते. शिवाय संस्थेने सल्ल्याची फी ठेवली. फुकटच्या औषधाला गुण येत नाही, पैसे मोजले की माणूस सल्ला ऐकतो, हा त्यामागचा युक्तिवाद. त्यात तथ्य आहे. पण ज्याला सल्ल्याची सर्वांत जास्त गरज तो लहान कारखानदार फीचा आकडा ऐकूनच दार लावून घेतो, हेही तितकेच खरे.

आणि मग काळ पालटला. १९५७ नंतर ब्रिटनमध्ये कोळशाची टंचाई जाऊन रास लागू लागली. आखाती देशांतले तेल स्वस्त मिळू लागले. १९५२ च्या डिसेंबरात लंडनच्या विषारी धुक्याने हजारो माणसे दगावली होती. त्यानंतर १९५६ साली हवा शुद्ध राखण्याचा कायदा झाला आणि धूर कमी झाला. पण इंधन मोजण्याची भूक मेली. विकायला माल पडला असताना गवळी कशाला सांगतो, दूध कमी प्या?

*

१९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखले आणि काही महिन्यांत तेलाचा भाव चौपट झाला. झोपी गेलेले जग खडबडून उठले. १९७४ च्या आरंभी ब्रिटनमध्ये कारखाने आठवड्यातून तीनच दिवस चालवण्याची पाळी आली. पुन्हा सरकारी मदतीच्या पाहण्या सुरू झाल्या. १९८३ साली इंधन-काटकसरीसाठी सरकारी कार्यालय निघाले. तेल पुन्हा स्वस्त झाले तेव्हा उत्साह पुन्हा ओसरला. २००१ साली हवामानाच्या चिंतेतून कार्बन ट्रस्ट नावाची संस्था सरकारी पैशाने उभी राहिली आणि तिने कारखान्यांच्या मोफत पाहण्या केल्या. पुढे सरकारी अनुदान थांबले आणि ती स्वतःच्या कमाईवर चालू लागली. प्रत्येक वेळी नवे नाव, नवी पाटी, नवे माहितीपत्रक. जुन्या सल्लागारांना जे ठाऊक होते, ते नव्यांनी पुन्हा पहिल्यापासून शिकायचे.

अमेरिकेने १९७६ साली जी युक्ती काढली, ती एका शिक्षकाला विशेष भावते. तिथल्या सरकारने विद्यापीठांच्या अभियांत्रिकी विभागांना पैसे दिले. प्राध्यापक आपले विद्यार्थी घेऊन जवळच्या लहान-मध्यम कारखान्यात एक दिवस जातात, मोजमापे घेतात, परत येऊन अहवाल लिहितात. कारखानदाराला काही खर्च नाही. काही महिन्यांनी चौकशी होते की, सांगितलेल्यापैकी केले काय? कारखान्याला सल्ला मिळतो आणि विद्यार्थ्याला पुस्तकातले बॉयलर प्रत्यक्ष भेटते. गेल्या पाच दशकांत अशा पाहण्यांची संख्या वीस हजारांवर गेली.

ही 'केले काय?' ची चौकशी फार मोलाची ठरली. तिच्या नोंदींचा अभ्यास करून सोरेन अँडरसन आणि रिचर्ड न्यूवेल या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ साली दाखवून दिले की, कारखान्यांनी सुचवलेल्या उपायांपैकी सुमारे निम्मे अमलात आणले. उरलेले निम्मे का नाही? उपाय फायद्याचे नव्हते म्हणून नव्हे. पुढे दरवर्षी किती वाचेल यापेक्षा आज खिशातून किती जाईल, याकडे मालकांचे लक्ष अधिक होते. वर्ष-दीड वर्षात पैसे वसूल होत असतील तरच हात पुढे येई. कॉर्नवॉलचे खाणवाले आणि हे मालक यांच्यात दोनशे वर्षांचे अंतर आहे; स्वभावात काही अंतर नाही.

*

आता आपल्या देशाकडे वळू. १९५८ साली राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन झाली आणि तिच्या अभियंत्यांनी कारखान्यांतून इंधनाच्या पाहण्या केल्या. पण या कामाला खरा जोर आला तो तेलाच्या धक्क्यानंतरच. आयात तेलाच्या बिलाने देशाची गंगाजळी आटू लागली, तेव्हा १९७८ साली केंद्राच्या पेट्रोलियम खात्याच्या छत्राखाली पी.सी.आर.ए. ही संस्था आकाराला आली. तिची माणसे बॉयलरघरांत, एस.टी.च्या आगारांत, शेतातल्या पंपांपर्यंत पोचली. १९८३ साली केंद्राच्या निरनिराळ्या खात्यांच्या एका कार्यगटाने अहवाल दिला की, उद्योगांत सुमारे पंचवीस टक्के ऊर्जा वाचू शकते. चार भाकऱ्यांतली एक भाकरी चुलीतच जळत होती, असा त्याचा अर्थ!

महाराष्ट्र सरकारने १९८५ साली महाऊर्जा ही संस्था काढली. पुढे २००१ साली ऊर्जा संवर्धनाचा कायदा झाला, २००२ च्या मार्चमध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो अस्तित्वात आला आणि त्या कायद्याखाली राज्यातली जबाबदारी महाऊर्जाकडे आली. मोठ्या कारखान्यांना ऊर्जा-व्यवस्थापक नेमणे आणि परीक्षा उतरलेल्या तज्ज्ञांकडून तपासणी करून घेणे बंधनकारक झाले. २०१२ साली एक पाऊल पुढे टाकले गेले. सिमेंट, पोलाद, खत, कागद, कापड अशा आठ क्षेत्रांतल्या ४७८ मोठ्या उद्योगांना प्रत्येकी उद्दिष्ट ठरवून दिले. जो अधिक वाचवील त्याने आपली जादा बचत प्रमाणपत्राच्या रूपाने विकावी, जो मागे पडेल त्याने ती विकत घ्यावी. तीन वर्षांच्या त्या पहिल्या फेरीत उद्दिष्टापेक्षा अधिक बचत झाली. लीनच्या तक्त्याचाच हा नातू. मोजायचे आणि मोजलेले चारचौघांसमोर मांडायचे.

पण मोठ्यांची गोष्ट निराळी. त्यांच्याकडे अभियंते असतात, कर्ज मिळते, कागद रंगवायला माणसे असतात. खरा प्रश्न आहे तो लहानांचा. तो कसा सुटतो हे पाहायचे तर फिरोजाबादला गेले पाहिजे. आपल्या घरातल्या सवाष्णीच्या हातातली काचेची बांगडी बहुधा उत्तर प्रदेशातल्या या गावाहून आलेली असते. तिथल्या जुन्या भट्ट्या वर्तुळाकार. मध्ये कोळशाचा विस्तव आणि भोवती मातीच्या मोठ्या कुंड्यांत वितळणारी काच. ३० डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ताजमहालाच्या रक्षणासाठी त्या सबंध टापूतला कोळसा बंद करण्याची दिशा घालून दिली. नैसर्गिक वायू वापरा, नाहीतर जागा सोडा. फिरोजाबाद त्या टापूत येते. हुकूम निघाला, पण कुंड्यांची भट्टी वायूवर चालवायची कशी, हे हुकमात लिहिलेले नव्हते. काहींनी जुन्याच भट्टीत वायूची नळी सोडून वेळ भागवली. काच वितळे, पण वायू बेसुमार जाई आणि बिल पाहून मालकाचे डोळे पांढरे होत.

अशा वेळी दिल्लीची टेरी ही संस्था, स्वित्झर्लंड सरकारच्या विकास-सहकार्याच्या पैशाने, तिथे काम करू लागली. बाहेर जाणाऱ्या तापलेल्या वायूंची उष्णता आत येणाऱ्या हवेला देणारे साधन जोडून त्यांनी वायूची नवी भट्टी रचली आणि एका चालू कारखान्यात ती पेटवून दाखवली. गावातल्या गवंड्यांना ती बांधायला शिकवले आणि आगवाल्यांना ती चालवायला. शेजारच्या मालकाने येऊन पाहिले, बिल विचारले, आणि आपल्याकडे तशीच बांधून घेतली. फिरोजाबादचा कारखानदार अहवाल वाचून बदलला नाही. शेजाऱ्याचे बिल पाहून बदलला. हुकमाने कोळसा गेला, पण उष्णता वाचली ती सल्ल्याने. एकाशिवाय दुसरा लंगडा आहे.

म्हणूनच २०२५ साली केंद्राने लहान-मध्यम उद्योगांसाठी जी योजना काढली, तिच्यात तपासणीला मदत आहेच, पण सुचवलेले यंत्र घेण्यासाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजातही सूक्ष्म व लहान उद्योगांना पाच टक्के आणि मध्यमांना तीन टक्के सवलत आहे. एक हजार कोटी रुपये तिच्यासाठी काढले आहेत. 'आज खिशातून किती जाईल?' या जुन्या भीतीला हे उत्तर आहे. ते पुरे पडते का, हे पुढे दिसेल.

*

आता जेव्हन्सकडे परत जाऊ. वाचवलेले इंधन शेवटी दुसरीकडे जळणारच असेल, तर सरकारने सल्लागार का पोसावेत? माझे उत्तर असे: जेव्हन्सची शंका खरी आहे, म्हणूनच सल्ल्याला सर्वस्व मानू नये. कोळशावर कर, धुरावर कायदा, उत्सर्जनावर मर्यादा ही कामे सल्लागाराची नव्हेत. ती राज्याची आहेत आणि ती टाळण्यासाठी सल्लागाराला पुढे करणे ही पळवाट आहे. पण मर्यादा घातल्यावर तिच्या आत राहून जगायचे कसे, हे ज्याला कोणी शिकवले नाही, तो कारखाना बंद पडतो, आणि बंद कारखान्याच्या दाराशी उभे राहतात ते मालक नव्हेत, कामगार. हवामान बदलते आहे, बंधने येणारच. ती आली म्हणजे इचलकरंजीचा मागवाला काय आणि कोल्हापूरचा ओतकामवाला काय, त्यांना तपासनीस तर भेटणारच आहे. प्रश्न एवढाच की, त्याच्या आधी कोणी शिकवणारा येऊन गेला असेल की नाही.

दोन शतकांच्या या इतिहासात भट्टीचे शास्त्र फारसे गूढ कधीच नव्हते. भेग बुजवा, नळी झाका, गरम पाणी परत वापरा, हवा मोजा. हे ज्ञान स्वस्त होते. महाग होता तो ते घेऊन भट्टीपाशी जाणारा माणूस. त्याला टंचाईत बोलावले आणि सुबत्तेत निरोप दिला. कोळशाची रास लागली, तेलाचे पिंप स्वस्त झाले की त्याची खुर्ची प्रथम निघे. कारण त्याच्या कामाचे फळ म्हणजे न जळलेला कोळसा, आणि न जळलेला कोळसा कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. पुढची टंचाई आली की पुन्हा माणसे शोधायची, पुन्हा त्यांना शिकवायचे, आणि तोवर जी वर्षे गेली ती गेली.

शाळेतही असेच असते. पीक चांगले आले म्हणून कोणी मास्तरांना घरी बसवत नाही. कारण पुढच्या वर्षी पहिलीत नवी पोरे येणार हे सगळ्यांना माहीत असते. कारखान्यातही दरवर्षी नवा आगवाला येतो, नवा मालक येतो, नवे यंत्र येते. त्यांच्यासाठी भट्टीपाशी एक खुर्ची कायमची राखून ठेवायला राज्याला फार पैसा लागत नाही. भाव उतरल्यावरही ती खुर्ची काढायची नाही, एवढे मात्र ठरवावे लागते.